माजघरातल्या जुन्या पीसीवरून सगळं नॅसवर नेताना: कोकणातल्या घरासाठी गाईड

आपल्याकडे बऱ्याच घरांत हा सेटअप सापडेल. कपाटाच्या बाजूला जुना पीसी, त्यावर विंडोज, त्यात जेलीफिन नाहीतर प्लेक्स (आपल्याच डिस्कवरचे पिक्चर घरभर दाखवणारे सर्व्हर प्रोग्राम), मागे दोन-तीन यूएसबी डिस्क लोंबकळतायत आणि घरातले सगळे टीव्हीवर-मोबाईलवर त्यातूनच पिक्चर बघतायत. चालतं मस्त, तोपर्यंत कोणी हात लावत नाही. मग डिस्क भरत येते, पंखा घरघरायला लागतो किंवा वीजबिल हातात घेऊन कोणीतरी विचारतं की हा डबा रात्रंदिवस कशाला चालू ठेवलायस, आणि मग नॅसचा विषय निघतो. नॅस म्हणजे काय तर नेटवर्कवर बसून फक्त डिस्क सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, बाकी त्यात जादू काही नाही.

वीजबिलाचा मुद्दा खरा आहे बरं का. जुना डेस्कटॉप ८० वॅट खातो धरलं तर २४ तास चालवून महिन्याला ५७-५८ युनिट होतात, दोन डिस्कचा नॅस २० वॅटच्या आसपास असतो म्हणजे साधारण १४-१५ युनिट. पण नुसत्या बिलासाठी नॅस घेऊ नका, डबा आणि डिस्कचे पैसे तेवढ्यातून निघायला वर्षं जातील. घ्यायचाच तर डेटा नीट राहावा म्हणून घ्या. आणि यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ कोरड्या एसी खोलीत, न जाणाऱ्या लाईटवर बनवलेले असतात. वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत कुठेही किनाऱ्यावर राहत असाल तर तुमचा खरा वैरी वेगळा आहे: खारी दमट हवा, मे महिन्यातल्या विजा आणि चिऱ्याच्या भिंती.

आधी माल वेगळा करा

खरेदीच्या आधी हे काम. तुमच्या डिस्कवर दोन प्रकारचा माल आहे, परत मिळणारा आणि परत न मिळणारा. पिक्चर, सिरीयली, गाणी परत मिळतील, त्रास होईल पण मिळतील. गणपतीतली डबलबारी, शिमग्यात पालखी अंगणात नाचवलेली, देवळासमोर रात्रभर शूट केलेला दशावतार, आजोबांच्या आवाजातली आरती, बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी, हे एकदा गेलं की गेलं. गंमत म्हणजे साईजमध्ये दुसरा ढीग पहिल्याच्या मानाने अगदी छोटा निघतो, बऱ्याचदा एका साध्या पोर्टेबल डिस्कवर मावेल एवढा. म्हणून दोन वेगळे टॉप फोल्डर करा, आत्ताच, जुन्या पीसीवरच. पुढे बॅकअप, परमिशन, स्नॅपशॉट (फोल्डर त्या क्षणी जसा होता तशी नोंद) सगळं या वाटणीवर सोपं होणार आहे.

लग्नाच्या सीडी-डीव्हीडी अजून कपाटात असतील तर त्यापण याच वेळी कॉपी करून घ्या. दोन पावसाळे बंद कपाटात गेले की त्यांच्यावर बुरशीची नक्षी उठते आणि मग ड्राईव्ह नुसता खरखरत बसतो.

आता एक गोष्ट जी इंग्रजी गाईडमध्ये सापडणार नाही कारण त्यांना ती नडतच नाही. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये (डिस्कवर फाईली मांडायची विंडोजची पद्धत) फाईलच्या नावाला २५५ अक्षरं चालतात. नॅसच्या आत असतं लिनक्स, तिथली पद्धत ईएक्सटी४ असो नाहीतर बीटीआरएफएस, मर्यादा २५५ बाईटची. इंग्रजी अक्षर एक बाईट, देवनागरी अक्षर तीन बाईट, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे मराठीत नाव असेल तर ८५ चिन्हांत गाडी थांबते, आणि ‘श्री’ एवढंसं लिहिलं तरी त्यात चार चिन्हं गेली! सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर फोल्डर एन्क्रिप्ट केला असेल तर मर्यादा अजून खाली, १४३ बाईट, म्हणजे जेमतेम ४७. ‘गावच्या घरी गणपती विसर्जन मिरवणूक आणि रात्रीचं भजन भाग दुसरा’ असल्या नावाच्या फाईली अशा एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरमध्ये कॉपी करताना अडकतात आणि एरर असा येतो की डिस्क खराब झाली असं वाटावं. आधीच नावं छोटी करा. तारीख पुढे, मग दोन-तीन शब्द: ‘२०१९-०९-०२ गणपती आगमन’. यात फायदा असा की नावाने लावलं तरी सगळं तारखेने लागतं.

डबा कुठला आणि डिस्क कुठली

डब्याबद्दल फार डोकं खाऊ नका. पहिला प्रश्न एकच, सर्व्हरचा प्रोग्राम नॅसवरच चालवायचाय की जुना पीसी किंवा मिनी पीसी सर्व्हर म्हणून ठेवून फक्त फाईली नॅसवर ठेवायच्यात? दोन्ही चालतं. नॅसवरच चालवायचं असेल तर आत इंटेलचा क्विक सिंकवाला (व्हिडिओ झटपट बदलून देणारा) प्रोसेसर आहे का ते बघा, जे४१२५ किंवा एन१०० वगैरे. सगळे महागडे नॅस ट्रान्सकोडिंगला (बघणाऱ्याच्या टीव्ही-मोबाईलला चालेल असा व्हिडिओ चालता चालता बदलून देणं) चांगले असतात असं नाही, काहींत रायझन प्रोसेसर असतो ज्याला ग्राफिक्सच नसतं, तो फाईल सर्व्हर म्हणून झकास पण ४के फाईल छोट्या मोबाईलसाठी बदलून द्यायला सांगितली की धापा टाकतो. घरातले टीव्ही एचईव्हीसी प्रकारचे व्हिडिओ सरळ चालवत असतील आणि बाहेरून कोणी बघणार नसेल तर ट्रान्सकोडिंगची गरजच पडत नाही. तेव्हा आधी तुमच्या टीव्हीवर पिक्चर लावा आणि पीसीवर जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडून बघा, डायरेक्ट प्ले (फाईल आहे तशी) म्हणतोय की ट्रान्सकोड. चित्राच्या स्वरूपातली सबटायटल लावली की मात्र बहुतेक वेळा ट्रान्सकोड होतंच, ते धरून चाला.

जुनं मदरबोर्ड चांगलं असेल तर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस ही नॅसची सिस्टीम टाकून नॅस स्वतःच बनवता येतो, फक्त ट्रूनॅसला ८ जीबी रॅम तरी हवी. माझं मत विचाराल तर घरात तुमच्याशिवाय कोणाला कॉम्प्युटर कळत नसेल आणि तुम्ही नोकरीला पुण्या-मुंबईला असाल, तर तयार डबा घ्या. आईला फोनवरून मॉनिटर जोडायला लावणं बरं नाही.

डिस्क घेताना सीएमआर बघून घ्या, एसएमआर नको. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे खूप लिहायची वेळ आली, विशेषतः रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) रीबिल्ड होताना म्हणजे नव्या डिस्कवर सगळं परत भरताना, की ती रांगायला लागते. सीगेट आयर्नवुल्फ, डब्ल्यूडी रेड प्लस या सीएमआर आहेत, डब्ल्यूडीच्याच नुसत्या ‘रेड’ (Red) नावाच्या डिस्कच्या काही साईज एसएमआर होत्या म्हणून ‘प्लस’ बघून घ्या. काही कंपन्या ठराविकच डिस्क चालवून घेतात, तर डब्याची कंपॅटिबिलिटी यादी आधी बघा. ८ टीबीची डिस्क लावल्यावर ७.२७ दिसलं तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, मोजायची पद्धत वेगळी आहे एवढंच. डिस्क लॅमिंग्टन रोडवरून कोणी आणून देणार असेल तर उत्तम, कुरियरने मागवली तर बॉक्समध्ये ती सैल खुळखुळत आली नाहीये ना बघा, सीरियल नंबर टाकून वॉरंटी तपासा आणि डेटा भरायच्या आधी स्मार्टची (डिस्कने स्वतःच केलेली तब्येतीची तपासणी) एक्स्टेंडेड टेस्ट लावा. मोठ्या डिस्कला रात्रभर किंवा त्याहून जास्त लागेल, लागू दे. खराब निघायची असेल तर रिकामी असतानाच निघालेली बरी.

दोन डिस्क आरशासारख्या म्हणजे रेड १ मध्ये लावा. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एका खुंटाला बांधलेल्या दोन होड्या आहेत त्या, एक फुटली तर दुसरी आहे, पण वादळ आलं तर दोन्ही जाणार. चुकून डिलीट केलेली फाईल दोन्हीकडून एकाच क्षणी उडते.

ठेवायचा कुठे

माळ्यावर नको, कौलाखाली मेमध्ये तिथे भाजून निघतं, वर उंदीर. स्वयंपाकघराजवळ नको, फोडणीचं तेल आणि धूर पंख्यात जाऊन चिकटतो. समुद्राच्या बाजूच्या खिडकीखाली तर अजिबात नको. आतल्या खोलीत, जमिनीपासून दोन-तीन फूट वर, भिंतीपासून वीतभर सुटं, मागचा पंखा मोकळा. बंद शोकेसमध्ये छान दिसतो पण आत गुदमरतो. डिस्कचं टेंपरेचर ४५ च्या आत राहायला हवं, ५० ला अलर्ट लावून ठेवा.

दमटपणाचं म्हणाल तर चालू असलेला नॅस स्वतःच्याच उबेने बऱ्यापैकी कोरडा राहतो. धोका आहे तो जुलैत महिनाभर बंद ठेवून एकदम चालू करण्यात. म्हणून पावसात बंद ठेवायची सवय नको. रिकामे पोर्ट मात्र झाका, रबरी कॅप मिळतात, नाहीतर कुंभारीण माशी येऊन आत मातीचं घर बांधून जाते, चेष्टा नाही, राऊटरच्या मागे बघा एकदा.

आता केबल. चिऱ्याच्या जाड भिंतीतून वायफाय कसंबसं जातं हे तुम्हाला सांगायला नको. राऊटर ते नॅस केबलच हवी, जमलं तर नॅस ते टीव्हीपण. कॅट ६ टाका, पीव्हीसी पाईपातून टाका, उघडी टाकलीत तर उंदीर मिटवतील. गीगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. आपल्याकडे होतं असं की वर्षा-दीड वर्षाने प्लगच्या पिना हिरवट पडतात, एखादी जोडी लागत नाही आणि लिंक गुपचूप १०० एमबीपीएसवर घसरते. इंटरनेट नेहमीसारखंच चालतं त्यामुळे कळत नाही. नॅसच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० दिसतोय का ते कॉपी सुरू करायच्या आधी बघा. नसेल तर प्लग काढून नीट बघा, हिरवं दिसलं तर घासत बसू नका, कापून नवीन क्रिंप करा.

लाईट आणि विजा

नॅसला यूपीएस लावायचाच. आणि डेटाचा यूएसबी पोर्ट असलेला, स्वस्तातल्यांना बहुतेकदा तो नसतो. त्या पोर्टवरून यूपीएस नॅसला सांगतो की लाईट गेली, मग नॅस पाच मिनिटं वाट बघून नीट बंद होतो. लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंगपण करून ठेवा. ‘घरात इन्व्हर्टर आहे की’ म्हणाल, तर इन्व्हर्टर चांगलाच, पण त्याची बॅटरी संपतेय हे नॅसला कोण सांगणार? तो धाडकन जातो. म्हणून इन्व्हर्टरच्या पुढे छोटा यूपीएस. इन्व्हर्टर साईनवेव्ह असावा, स्क्वेअरवेव्हवाल्याची लाईट बऱ्याच यूपीएसना मानवत नाही, ते ती लाईट गेली असंच समजून स्वतःच्या बॅटरीवर जातात आणि तासाभरात टुकटुक करत झोपतात.

अर्थिंग तपासून घ्या. जांभ्या कातळावर घर असेल तर अर्थिंग बऱ्याचदा नावालाच असतं, खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी सोडायला लागतं, वायरमनला बोलावून एकदा मोजून घ्या. तरीपण वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की प्लग काढणं हाच उपाय. फक्त पॉवरचा प्लग काढून भागत नाही, नेटवर्कची केबलपण काढा, कारण सर्ज तिकडूनही येतो. फायबर काचेचा असतो, त्यातून वीज येत नाही, पण खळ्यातून शेजारच्या घरी तांब्याची केबल ओढली असेल तर ती पहिली काढा.

कॉपी

सगळ्यात महत्त्वाचं पहिलं: जुन्या भरलेल्या डिस्क नॅसच्या खणात घालायच्या नाहीत. नॅस त्यांना फॉरमॅट करतो. खणात फक्त नव्या रिकाम्या डिस्क, जुन्या यूएसबीनेच जोडायच्या.

किती वेळ लागेल? ६ टीबी माल असेल, गीगाबिटवर सेकंदाला ११० एमबी मिळाले तर १५-१६ तास. लिंक १०० वर घसरलेली असेल तर तेच सहा दिवसांच्या वर जातं. वायफायने करायच्या भानगडीत पडूच नका. जुनी डिस्क यूएसबी ३ ची असेल तर ती थेट नॅसच्या पोर्टला लावून नॅसच्याच फाईल मॅनेजरमधून कॉपी करणं सगळ्यात सुटसुटीत, पीसी मध्ये नकोच.

पीसीतून करायचं असेल तर माऊसने ओढून टाकू नका. मधेच लाईट गेली की कुठपर्यंत आलं होतं कळत नाही. त्याऐवजी कॉपीचे प्रोग्राम वापरा, विंडोजवर रोबोकॉपी, लिनक्सवर आरसिंक. दोन्हीचा गुण हा की परत चालवलं की झालेलं सोडून राहिलेलंच उचलतात. रोबोकॉपीत मिरर नावाचा पर्याय दिसेल, त्याच्या वाटेला जाऊ नका, तो इकडे नसलेलं तिकडून उडवतो, आणि इकडे-तिकडे उलटं लिहिलं गेलं तर झालं कल्याण. क्रम असा ठेवा की परत न मिळणारा ढीग आधी, पिक्चर नंतर. मधल्या काळात आजी विचारणारच, ‘झाला काय रे तुझा?’, तर जुना सर्व्हर चालू राहू दे, कॉपी रात्री लावा.

झाल्यावर तपासा. पिक्चरच्या फोल्डरला फाईलींची संख्या आणि एकूण बाईट जुळले की पुरे, ‘साईज ऑन डिस्क’वाला आकडा बघू नका, तो जुळणार नाही. नॅस थंबनेलचे स्वतःचे लपलेले फोल्डर बनवतो, संख्येत थोडा फरक त्याने पडू शकतो. घरच्या रेकॉर्डिंगला मात्र चेकसम करा (फाईलच्या आतला मजकूर आकडेमोडीने ताडून बघणं), आरसिंकला चेकसमचा पर्याय लावून परत एकदा फिरवा किंवा विंडोजवर टेराकॉपीने व्हेरिफाय करा. वेळ लागतो, करा.

सर्व्हर हलवणं

प्रोग्राम जुन्याच पीसीवर ठेवणार असाल तर काम छोटं. लायब्ररीला नॅसचा पूर्ण नेटवर्क पाथ द्या, झेड ड्राईव्ह असं मॅप करून देऊ नका, कारण सर्व्हर विंडोज सर्व्हिस म्हणून चालत असेल तर त्याला तुमचा मॅप केलेला ड्राईव्ह दिसत नाही. प्लेक्स असेल तर आधी ‘प्रत्येक स्कॅननंतर ट्रॅश रिकामा करा’ हे बंद करा, मग त्याच लायब्ररीत नवा फोल्डर जोडा, स्कॅन होऊ द्या, मग जुना फोल्डर काढा. असं केलं तर कोणी काय बघितलंय ते टिकतं.

नॅसवरच जेलीफिन चालवायचं तर डॉकरमध्ये टाका, म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालतो. मीडियाचा फोल्डर फक्त वाचण्यापुरता द्या, म्हणजे टीव्हीच्या रिमोटवरून कोणी डिलीट दाबलं तरी काही बिघडणार नाही. कॉन्फिगचा फोल्डर वेगळा, त्याला लिहायची परमिशन हवी, कंटेनर ज्या युझरने चालतोय त्याची. पन्नास टक्के ‘लायब्ररी रिकामी दिसतेय’वाल्या तक्रारी मला तरी या परमिशनच्याच वाटतात. ट्रान्सकोडिंग हवं तर जीपीयूचं (ग्राफिक्सचं) डिव्हाईस कंटेनरला द्यायला विसरू नका.

जुना सर्व्हर लिनक्सवर होता तर कंटेनरच्या आतला पाथ जुन्यासारखाच ठेवून कॉन्फिग उचलून नेता येतं. विंडोजवरून मात्र जेलीफिनचा डेटाबेस ओढत आणायचा हट्ट सोडा, त्यात सगळे पाथ विंडोजचे लिहिलेले असतात. त्यापेक्षा हलवायच्या आधी जुन्या सर्व्हरवर एनएफओ (पिक्चरची माहिती लिहिलेल्या छोट्या फाईली) आणि पोस्टर मीडियाच्या फोल्डरमध्येच सेव्ह करायचं चालू करा, म्हणजे हाताने दुरुस्त केलेली नावं आणि चित्रं फाईलींबरोबरच येतील. नव्याने स्कॅन करा, बघितलेल्याच्या टिका परत माराव्या लागतील, अर्धी संध्याकाळ जाईल. घरच्या व्हिडिओंची लायब्ररी ‘होम व्हिडिओ’ प्रकारची करा, नाहीतर तो दशावताराला कुठल्यातरी परदेशी पिक्चरचं पोस्टर चिकटवतो.

शेवटी राऊटरमध्ये नॅसला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कायमचा करून द्या. जुना पीसी बंद झाल्यावर त्याचाच आयपी नॅसला दिला तर टीव्हीत पत्ता बदलावा लागत नाही, फार तर परत लॉगिन.

बाहेरून बघायचं असेल तर

मुंबईतल्या भावाला गावचं भजन बघायचंय, बरोबर. राऊटरवर पोर्ट उघडू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट रॅन्समवेअरने (फाईली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) इंटरनेटला थेट उघडे असलेले घरगुती नॅसच पकडून लॉक केले होते. तसंही बऱ्याच कनेक्शनना स्वतःचा पब्लिक आयपी नसतोच, पोर्ट उघडून उपयोग शून्य. टेलस्केल (तुमच्याच डिव्हाईसना आपापसात जोडणारं खाजगी नेटवर्क) टाका, नॅसवर आणि भावाच्या फोनवर, दोन्ही अडचणी मिटतात. प्लेक्सवाल्यांनी लक्षात ठेवा, एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचे व्हिडिओ बघायला त्यांना पैसे मोजावे लागतात, जेलीफिन फुकटच आहे.

बॅकअप, आणि जुन्या डिस्कचं काय

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत घुसलं. त्याआधी जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे छपरं उडाली आणि कित्येक गावांत लाईट यायला आठवडे गेले. अशा वेळी घरातच ठेवलेला दुसरा बॅकअपपण त्याच घरात असतो. म्हणून एक कॉपी गावाबाहेर हवीच. क्लाउडवर अपलोड होईल तेव्हा होईल, आपल्याकडे चाकरमानी आहेत की! दोन पोर्टेबल डिस्क घ्या, परत न मिळणारा ढीग दोन्हीवर. एक गणपतीला आलेल्या भावाबरोबर डोंबिवलीला जाते, शिमग्याला तो ती परत आणतो, तुम्ही दुसरी ताजी भरून देता. डिस्कवर मार्करने तारीख. गावी राहणारी डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून, रंग बदलणारं घ्या, रंग उतरला की तव्यावर मंद गरम करून परत वापरता येतं. डिस्क पासवर्डने एन्क्रिप्ट केलेली असावी, एसटीत बॅग विसरणारे भाऊ सगळ्यांनाच असतात, आणि तो पासवर्ड घरातल्या अजून एकाला माहीत असू दे.

नॅसवर महिन्यातून एकदा स्क्रब (सगळा डेटा वाचून कुठे बिघडलाय का तपासणं) आणि घरच्या फोल्डरचे रोजचे स्नॅपशॉट लावून टाका, परत बघायला लागत नाही.

जुन्या डिस्क लगेच पुसू नका. एक अख्खा पावसाळा नॅस नीट चालला, एकदा तरी लाईट गेल्यावर तो आपणहून बंद होऊन परत आला, पोर्टेबल डिस्कवरची एखादी फाईल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघितली, एवढं झालं की मग फॉरमॅट करा. क्विक फॉरमॅट नको, पूर्ण करा, खास करून कोणाला विकणार असाल तर. आणि ज्या डिस्कच्या स्मार्ट रिपोर्टमध्ये रीअलोकेटेड सेक्टर (खराब होऊन बाजूला टाकलेले भाग) वाढत चाललेत ती भाच्याला ‘घे, गेम ठेवायला’ म्हणून देऊ नका, सरळ ई-कचऱ्यात घाला.